सतराखालून विसाखाली : कुस्तीत वरच्या गटात जाताना

कुस्तीत वय जन्मवर्षावरून धरतात. त्यामुळे एक जानेवारी उजाडली, की कालपर्यंत सतरा वर्षांखालच्या गटात लढणारी मुलं एकदम वीस वर्षांखालच्या गटात येतात. इंदूरच्या आमच्या व्यायामशाळेत त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘उस्ताद, यंदा माझं वजन कोणतं?’ मीही तो विचारला होता. उस्तादांनी वजनाचं काही सांगितलंच नाही. ‘सहा मिनिटं लढशील का, ते आधी सांग,’ एवढंच म्हणाले.

आकडे पाहिले की हा प्रश्न का, ते कळतं. मुलांच्या फ्रीस्टाइलमध्ये सतराखालचे गट ४५, ४८, ५१, ५५, ६०, ६५ असे चढत ११० किलोपर्यंत जातात. विसाखाली सर्वांत हलका गटच ५७ चा, मग ६१, ६५, ७० करत १२५ पर्यंत. म्हणजे ५१ मध्ये पदकं घेणाऱ्या मुलासमोर निवड अशी उरतच नाही. शिवाय सतराखाली दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, इथे तीन-तीन मिनिटांच्या. मधली विश्रांती तीस सेकंदांचीच राहते. समोरचा कदाचित वीस वर्षांचा असतो (विसाखालच्या गटात वीस वर्षांचेही धरतात), मनगट भरलेला, तीन वर्षं याच गटात मुरलेला.

मी ५५ मध्ये लढायचो, पण रोजचं वजन त्याहून जास्त भरायचं. ५७ सोपं वाटत होतं. तरी उस्तादांनी ६१ वर बोट ठेवलं. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत वजन लढतीच्या दिवशी सकाळीच होतं. आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभर खाऊन-पिऊन अंग भरून काढायची सोय गेली. पाणी तोडून उतरवलेले किलो आता थेट मॅटवर जाणवतात, तेही दुसऱ्या फेरीत. आणि काटा कुणाची गय करत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचूनही दुसऱ्या सकाळी ५० किलोला शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. वाढत्या वयात शरीर ज्या दिशेने चाललंय, तोच गट घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेटमध्ये सहावे आले, आणि १९५२ ला हेलसिंकीत वरच्या बँटमवेटमध्ये लढून त्यांनी कांस्य आणलं. मधली चार वर्षं विसरू नका.

वजन वाढवायला चार-पाच महिने द्या. महिन्याला एखादा किलो पुष्कळ झाला. घरात दूध, बदाम, तूप असतंच, पण त्याच्या जोडीला डाळी, पनीर, अंडी चालत असतील तर अंडी, असं दिवसभरात विभागून खा. किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं पुरतात. इंदूरकराला सकाळचे पोहे सोडा म्हणणं अन्याय आहे. पोहे खा, जिलबी रविवारसाठी ठेवा. दर आठवड्याला त्याच वेळी, उपाशीपोटी वजन करून वहीत लिहा, आणि त्याच पानावर दोर किती वेळा चढलात तेही लिहा. वजन वाढतंय पण दोर चढणं कमी होतंय, तर ते वजन कामाचं नाही.

खरा फरक मला खडाखडीत, म्हणजे उभ्याने हातांनी चालणाऱ्या झटापटीत, जाणवला. खालच्या गटात माझा एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडणं) डोळे मिटून लागायचा, कारण तिथपर्यंत पोहोचायला कुणी अडवतच नव्हतं. वरच्या गटात पहिला मिनिट मनगट सोडवण्यातच जातो. मानेवर हात पडला की डोकं खाली जातं आणि पाय दिसेनासे होतात. म्हणून आमच्याकडे पहिले दोन महिने नवा डाव शिकवलाच नाही. रोज फक्त हात : मनगट धरणं, सोडवणं, आतला हात मिळवणं, समोरच्याला कडेला रेटणं. कडेबाहेर पाय गेला तरी एक गुण जातो, आणि बरोबरीच्या लढती अशाच एका गुणावर फिरतात. मान तर पक्की हवीच. सतराखाली दुहेरी नेल्सन (दोन्ही काखांतून हात घालून मान दाबणारी पकड) बंद असते, मुलांच्या विसाखालच्या गटात ती लावता येते. ब्रिज, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान, रोज करा, पण घाईने नको.

दमासाठी आमची एक पद्धत आहे. एकजण मॅटच्या मधोमध उभा राहतो आणि दर मिनिटाला त्याच्यावर ताजा जोडीदार येतो. असे तीन मिनिटं, तीस सेकंद थांबून पुन्हा तीन मिनिटं. शेवटच्या मिनिटाला सगळ्यांत वजनदार मुलगा पाठवायचा. आठवड्यातून दोनदा पुरे, रोज केलंत तर खांदे बसतील.

नागपंचमीच्या कुस्ती-दंगलीत मातीवर जरूर लढा, धीटपणा येतो. पण मातीतल्या कुस्तीत वेळ काढता येतो. मॅटवर हात आखडता घेतला, तर पंच निष्क्रिय ठरवून तीस सेकंदांची मुदत देतात, आणि त्यात गुण घेतला नाही तर प्रतिस्पर्ध्याला गुण जातो. स्पर्धेआधीचा महिना मॅटचाच ठेवा.

कागदपत्रं आधीच तयार असू द्या : जन्मदाखला, ओळखपत्र, वैद्यकीय दाखला. सतरा वर्षांच्या मुलाला विसाखाली लढायचं असेल तर पालकांचं संमतिपत्रही लागतं. पत्रक नीट वाचा. काही स्पर्धांत वजनाला दोन किलोंची सूट असते, काहींत अजिबात नसते.

आणि पहिली लढत हरलात म्हणून लगेच कपडे बदलू नका. तुम्हाला हरवणारा अंतिम फेरीत गेला, तर रेपचाजमधून, म्हणजे हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीतून, कांस्यपदकाची वाट उघडते. दोन दिवसांची स्पर्धा असेल तर दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन द्यावं लागतं. स्पर्धा इंदुरातच असली, तर त्या रात्री सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मित्रांना तुमच्याशिवायच जाऊ द्या.