या चुका टाळा: न्यायालयाच्या दारापासून लिपिकाच्या टेबलापर्यंत

न्यायालयातल्या लिपिकाचं टेबल एकदा पक्षकाराच्या जागी उभं राहून बघा. कागद टोचायचा दाभण, कात्री, काचेचा पेपरवेट, पंचिंग मशीन. सगळं हाताच्या अंतरावर. दारात पिशवी तपासून माणसाकडचा छोटा चाकू काढून घ्यायचा आणि आत आल्यावर त्याच्यापुढे दाभण मांडून ठेवायचा, हे मी वर्षानुवर्षं बघत होतो आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पोटगीच्या एका तारखेला एका माणसाने बोलता बोलता तो दाभण उचलला. केलं काहीच नाही, नुसता बोटांत फिरवत राहिला. समोरच्या लिपिक बाईंनी नजर त्या टोकावर ठेवूनच पुढची तारीख सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची फूटभर मागे सरकवली. दाभण मात्र होता तिथेच राहिला, कारण आमच्यापैकी कुणीच तो उचलून ड्रॉवरमध्ये टाकला नाही.

स्थानिक न्यायालयांच्या सुरक्षेचा विषय निघाला की बोलणं लगेच मशीन, कॅमेरे आणि शस्त्रधारी पोलिसांवर येतं. ते सगळं हवंच. पण न्यायालयांत घडलेल्या हल्ल्यांच्या हकिगती वाचताना मला पुन्हा पुन्हा एकच दिसतं: कुणीतरी सवयीने किंवा सोयीसाठी काहीतरी सोडून दिलेलं असतं आणि घात तिथूनच होतो.

‘ओळखीचे आहेत, सोडा’

२४ सप्टेंबर २०२१ रोजी दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात भर कोर्टरूममध्ये एका कुख्यात आरोपीला गोळ्या घालण्यात आल्या. हल्लेखोर दोघे होते आणि दोघांच्याही अंगावर वकिलाचा पोशाख होता. पोलिसांच्या गोळीबारात तेही जागीच ठार झाले. पुढे ७ जून २०२३ रोजी लखनौच्या न्यायालयात हाच प्रकार घडला आणि तिथेही मारेकरी वकिलाच्या वेषातच आला होता. काळा कोट बाजारात कुणालाही विकत मिळतो, त्यामुळे कोट बघून आत सोडणं म्हणजे न तपासता सोडणंच.

‘आमच्यावर अविश्वास दाखवता का?’ असा सवाल वकील मंडळी करतात. त्यांचा राग मला समजतो, दिवसातून चारदा आत-बाहेर करणाऱ्याला रांगेत उभं करणं जाचकच असतं. उपाय म्हणून वकील आणि कर्मचाऱ्यांसाठी रांग वेगळी ठेवा, ओळखपत्र मशीनवर तपासा, पण तपासणी सर्वांची सारखी करा. वाद मिटवायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे पहिले काही दिवस वरिष्ठ न्यायाधीशांनी स्वतः दारातल्या धातूशोधक चौकटीतून यावं. मग बाकीच्यांची तक्रार आपोआप मंदावते.

मागच्या दाराचंही तेच. फायलींची ढकलगाडी न्यायची म्हणून, कुणाला पाय मोकळे करायचे म्हणून ते दार दगड लावून उघडं ठेवलेलं असतं. पुढच्या दाराला कितीही महागडं मशीन लावलं तरी त्या दगडापुढे ते फुकट जातं. पोलीस कमी असतील तर दारं कमी करा. आत येण्याचा रस्ता एकच ठेवा आणि बाकीची दारं आतून उघडणारी, उघडताच घंटा वाजणारी करून घ्या. कुलूप लावू नका, आग लागली तर लोक अडकतील.

मशीनबद्दल थोडंसं. धातूशोधक चौकट रोज सकाळी ठरावीक धातूचा तुकडा खिशात घालून तपासून घ्यावी. ती वाजली आणि कुणी मान वर केली नाही, असं दोनदा घडलं तर समजा की तिचा धाक संपला. प्लास्टिक किंवा सिरॅमिकचं पातं तिला कळत नाही, त्यासाठी पिशवीत बघावंच लागतं. आणि एक्स-रेच्या पडद्यावर एकाच माणसाला सकाळभर बसवू नका. युरोपातल्या विमानतळांवर सलग २० मिनिटांहून जास्त पडदा बघू देत नाहीत, कारण डोळे उघडे असले तरी लक्ष थकतं.

‘किरकोळ प्रकरण आहे, काही होत नाही’

ही चूक मला सर्वांत घातक वाटते. बंदोबस्त खुनाच्या खटल्याला लागतो. घटस्फोट, मुलाचा ताबा, घर खाली करून घेण्याचा दावा, थकलेलं देणं, यांच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावण्यांच्या यादीवर, एक हवालदारही नसतो. पण खुनाचा आरोपी बेडीत असतो आणि त्याच्या भोवती चार पोलीस असतात. मुलाचा ताबा गमावलेला बाप मोकळा उभा असतो, आणि त्याची बायको त्याच्यापासून तीन हातांवर असते.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये १ जुलै २००९ रोजी मर्वा अल-शेर्बिनी या महिलेचा कोर्टरूममध्ये भोसकून खून झाला. ती साक्षीदार होती आणि प्रकरण अपमानास्पद बोलण्याचं होतं. आरोपी चाकू घेऊन आत आला होता, कारण दारात तपासणीच नव्हती. तिला वाचवायला धावलेल्या नवऱ्यालाही वार लागले आणि धावत आलेल्या एका पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी झाडली. ती पायाला लागली. तिथून तीन वर्षंही झाली नव्हती, तोच ११ जानेवारी २०१२ रोजी त्याच देशातल्या डाखाऊच्या स्थानिक न्यायालयात, कामगारांच्या सामाजिक विम्याचे पैसे न भरल्याच्या खटल्यात, आरोपीने पिस्तूल काढलं. त्याला झालेली एक वर्षाची शिक्षासुद्धा स्थगित होती, म्हणजे तुरुंगात जायचंच नव्हतं. निकालाची कारणं वाचली जात असताना त्याने गोळ्या झाडल्या आणि तरुण सरकारी वकिलाचा जीव गेला.

म्हणून धोका कलमावरून मोजू नका, माणसांवरून मोजा. आदल्या दिवशी संध्याकाळी बोर्ड तयार होतो तेव्हाच तीन प्रश्न विचारून घ्या. उद्या कुणाच्या विरोधात निकाल लागणार आहे? दोन्ही बाजू समोरासमोर येणार आहेत का? कुणी आधी धमकी दिली आहे का? याची उत्तरं बहुतेक वेळा बेंच क्लार्क (न्यायाधीशांसमोर बसणारा लिपिक) आणि शिपायाला ठाऊक असतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. ज्या प्रकरणावर खूण पडेल, त्याची वेळ आणि कोर्टरूमचा क्रमांक बंदोबस्तावरच्या पोलिसांना द्या. दोन्ही बाजूंना वेगळ्या बाकांवर नाही, वेगळ्या मजल्यावर किंवा निदान वेगळ्या व्हरांड्यात बसवा. निकालानंतर घाबरलेल्या बाजूला आधी जाऊ द्या आणि दुसऱ्या बाजूला १५ मिनिटं सही-शिक्क्याच्या कामात गुंतवून ठेवा. हे करायला पैसा लागत नाही.

कैदी, एकटा पोलीस आणि न बघितलेला कॅमेरा

अमेरिकेतल्या अटलांटाच्या न्यायालयात ११ मार्च २००५ रोजी एका आरोपीला कपडे बदलायला नेलं, तेव्हा सोबत एकच महिला डेप्युटी (बंदोबस्तावरची पोलीस) होती. बेडी काढताच त्याने तिला बेदम मारलं, शस्त्रपेटीची किल्ली घेतली आणि त्या पेटीत ठेवलेलं तिचंच पिस्तूल काढलं. मग कोर्टरूममध्ये जाऊन त्याने न्यायाधीश रोलँड बार्न्स आणि लघुलेखिका यांना ठार केलं, बाहेर पडताना आणखी एका डेप्युटीला. त्याच आठवड्यात त्याच्या बुटांत धारदार धातूचे तुकडे सापडले होते आणि जादा बंदोबस्तही मागितला गेला होता. मारहाण कॅमेऱ्यात दिसत होती, पण त्या वेळी पडद्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

कैद्यासोबत नेहमी दोघे, आणि बेडी काढणाऱ्याच्या अंगावर शस्त्रपेटीची किल्ली किंवा शस्त्र नको, हा धडा त्यातून सरळ निघतो. मुद्देमालालाही तोच नियम लावा. साक्षीच्या वेळी कोयता किंवा पिस्तूल आरोपीच्या हाताला लागेल अशा टेबलावर ठेवू नका, आणि बंदूक रिकामी असल्याची खात्री पाकिटावरचा मजकूर वाचून नाही, उघडून करा.

घंटा वाजते, पण कुठे?

एका न्यायालयात डायसखालचं, म्हणजे न्यायाधीशांच्या उंच आसनाखालचं, धोक्याचं बटण मी दाबून बघितलं होतं. बारा मिनिटं कुणी आलं नाही. शोध घेतल्यावर कळलं, घंटा बरोबर वाजत होती. पण ज्या खोलीत वाजत होती तिथून पोलीस कक्ष कधीच हलवला होता आणि आता तिथे जुन्या फायलींचे गठ्ठे होते. न्यायाधीशांचा रोजचा भरवसा त्या बटणावर होता. महिन्यातून एकदा, न सांगता, बटण दाबा आणि घड्याळ लावा. एक बटण लिपिकाच्या टेबलाखालीही हवं. लास वेगासमध्ये ३ जानेवारी २०२४ रोजी शिक्षा ऐकताना आरोपीने डायस ओलांडून न्यायाधीशांवर झेप घेतली, तेव्हा त्यांना सोडवायला धावलेल्यांत न्यायाधीशांचा विधी लिपिकही होता.

‘आपल्या नोकरीत हे चालायचंच’

शिवी, अंगावर धावून येणं, ‘बाहेर भेट, बघतो’ ही वाक्यं, यातलं बहुतेक काही लिहून ठेवलंच जात नाही. नवीन मुलगी तक्रार करते, जुनी माणसं समजूत काढतात, विषय संपतो. समजूत काढणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्याच माणसाची पुढची तारीख दुसऱ्या लिपिकाकडे लागते आणि तिला काहीच माहीत नसतं. एक साधी वही ठेवा: तारीख, प्रकरण क्रमांक, काय बोलला, कुणी ऐकलं. बोर्ड करताना ती उघडायची. काउंटरवर कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव आणि मोबाइल क्रमांक लावायचा नाही, पदनाम पुरे. संध्याकाळी उशीर झाला तर गाडीपर्यंत दोघांनी मिळून जायचं.

आणि बेलीफ, न्यायालयाचे आदेश बजावायला बाहेर जाणारा कर्मचारी. समन्स, जप्ती, ताब्याचं वॉरंट घेऊन तो परक्या दारात एकटा उभा राहतो, तिथे ना चौकट ना बटण. ताब्याच्या वॉरंटाला एकट्याला पाठवू नका. निघताना पत्ता आणि परतीची वेळ रजिस्टरमध्ये लिहा. ती वेळ उलटून अर्धा तास झाला की फोन, फोन लागला नाही की जवळचं पोलीस ठाणे. परत आल्याची सही त्याने स्वतः करायची, आणि ती झाल्याशिवाय कार्यालयाला कुलूप लागता कामा नये.