गावासाठी काही करायचंय? आधी ते कोण करतंय ते बघा

परीक्षा संपल्या की ओळखीतली मुलं विचारायला लागतात, "ताई, सुट्टीत गावासाठी काहीतरी करायचंय, काय करू?" हल्ली मुंबईतली नोकरी संपवून गावी कायमचे राहायला आलेले काका-काकूही हेच विचारतात. मी नोकरीसाठी चिपळुणात राहते, माहेर मंडणगड तालुक्यातलं. या दोन ठिकाणी जमेल तसं काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. नवं काम काढण्याआधी गावात ते काम बारा महिने कोण ओढतंय ते शोधा आणि एक हंगाम त्याच्या हाताखाली उभे राहा.

असा माणूस प्रत्येक गावात असतो. पहाटे किनारा चालणारा, वाचनालयाचं कुलूप रोज वेळेवर उघडणारी, वाडीच्या नळपाणी योजनेचा पंप सांभाळणारा, आजारी माणसाला रात्री तालुक्याला पोचवणारा रिक्षावाला. त्यांना नव्या कल्पनांपेक्षा दोन जादा हात हवे असतात. ही माणसं इंटरनेटवर सापडत नाहीत. आशाताईंना विचारा, अंगणवाडीत विचारा, वनरक्षकांना, ग्रंथपालांना विचारा. ग्रामसभेला जाऊन मागच्या रांगेत बसा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा होतातच. तिथे कोणती तक्रार दर वेळी येते आणि उत्तर द्यायला कोण उठतं, एवढं नीट ऐकलं तरी गावाची निकड कळते.

मंडणगड तालुक्यातल्या वेळास या किनाऱ्यावरच्या गावाचं उदाहरण घेते, कारण तिथलं काम मी जवळून पाहिलं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे २००२ साली कासव संरक्षण सुरू केलं. त्याआधी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी माणसं उकरून नेत आणि राहिलेली कोल्ही-कुत्री खात. आज ते काम गावातलीच माणसं करतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री वाळूत येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. कासवमित्र उजाडायच्या आधी किनारा चालतात. वाळूवर उमटलेल्या पावलांच्या मागावरून घरटं हुडकतात, अंडी अलगद काढून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या कुंपणात, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतात आणि वर तारखेची पाटी लावतात. मग दीड-दोन महिने राखण. वाळूच्या उष्णतेवर पिल्लं नर होणार की मादी हे ठरतं, त्यामुळे हॅचरीची जागा आणि सावलीसुद्धा विचार करून ठरवावी लागते.

इथे नवशिक्याने काय करायचं? अंड्यांना हात लावायचा नाही. हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वन विभागाच्या परवानगीशिवाय कोणी त्याला हाताळू शकत नाही. पण पिल्लं सोडताना किनाऱ्यावर गर्दी होते, तेव्हा दोरी धरून लोकांना मागे ठेवायला माणूस लागतो. मोबाइलचा फ्लॅश बंद करा, दोरीच्या आत पाऊल टाकू नका, ओली वाळू तुडवू नका, हे पन्नास वेळा न चिडता सांगावं लागतं. लहान मुलांना पुढे बसवून समजावून सांगणारा तर नेहमीच हवा असतो. पहाटेच्या फेरीला कासवमित्रांनी सोबत यायला सांगितलं तर जरूर जा. त्यांच्या मागून चाला, बॅटरी त्यांनी सांगितल्यावरच लावा आणि बोलणं कमी ठेवा. एक अख्खा हंगाम आठवड्यातून एकदा असं गेलात, तर किनारा वाचता यायला लागतो. दोन दिवसांच्या शिबिरात ते येत नाही.

किनारा साफ करण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नवीन माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो. पावसाळ्यात समुद्र थर्माकोल, बाटल्या, चपला, जाळ्यांचे तुकडे असं काय काय बाहेर टाकतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सगळीकडे किनारा स्वच्छता दिन होतो, फोटो निघतात. त्या दिवशी भरलेल्या पिशव्या उचलायला गाडी ठरलेली नसेल, तर पुढच्या उधाणात त्यातल्या निम्म्या पुन्हा पाण्यात जातात. म्हणून आधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, सुका कचरा कुठे जातो, गाडी कोणाची, भंगारवाला काय घेतो आणि काय घेत नाही. वेफर्स-बिस्किटांची चमकदार वेष्टणं सहसा तो घेत नाही, तेव्हा ती वेगळीच ठेवा. वाळूत रुतलेलं जाळं ओढून निघत नाही. कोयत्याने तोडून तुकड्या-तुकड्यानेच काढावं लागतं आणि त्यासाठी एखादा जाणता मच्छीमार सोबत हवा. मला विचाराल तर ऑक्टोबरअखेरीस, कासवं यायच्या आधी केलेली सफाई सगळ्यात उपयोगाची. दहा माणसांनी महिन्यातून एकदा, तोच अर्धा किलोमीटर, वर्षभर. एवढं करणारी वाडी मला दोनशे माणसांच्या एका मोहिमेपेक्षा मोलाची वाटते.

झाडं लावण्याबद्दलही तसंच. जूनमध्ये रोपं लावायला सगळे येतात. मग गुरं खातात आणि जे वाचतं ते फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात जातं. त्यापेक्षा जानेवारीत जाळरेषा काढायला जा. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, वाळलेलं गवत पट्ट्याने कापून मोकळी जागा ठेवायची, म्हणजे आग काजू-आंब्याच्या बागेत आणि रानात शिरत नाही. काम उन्हातलं आहे, त्याचा फोटो चांगला येत नाही, पण ते केलं नाही तर जूनमधली सगळी मेहनत जळते.

पाण्याचं काम माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाड्यांवर टँकर येतात. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. पाणी थांबतच नाही. भातकापणी उरकली की पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारे बांधतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने भरायच्या, तोंडं शिवायची, तळाचा पालापाचोळा काढून कातळावर त्या विटांसारख्या सांधे चुकवून रचायच्या. खर्च जवळजवळ नाही, लागतं ते श्रमदान. अडलेल्या पाण्यावर भाजीपाला होतो, गुरांना पाणी मिळतं, खालच्या विहिरीला पाझर राहतो. उशीर केला तर अडवायला धारच उरत नाही, म्हणून देवदिवाळीच्या आत हे व्हायला हवं. कुठे बांधायचं ते वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, पऱ्या शेवटी कुठे आटतो ते त्यांना ठाऊक असतं. गोण्या मात्र आधीपासून जमवाव्या लागतात. घरांची बांधकामं चालू असतील तिथे मे महिन्यातच सांगून ठेवा. गोण्या मोजून, सुकवून, उंदरांपासून जपून ठेवणं हे एका माणसाचं चार महिन्यांचं काम आहे आणि ते तुम्ही अंगावर घेऊ शकता.

आता पुराबद्दल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मदत चारी बाजूंनी आली आणि त्या माणसांचे उपकार आम्ही विसरणार नाही. तरी पुढे कुठे पूर आला आणि तुम्हाला जायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा. जुने कपडे नेऊ नका. गमबूट, फावडी, घमेली, खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, मेणबत्त्या न्या. दुकानातला, घरातला चिखल सुकायच्या आत काढावा लागतो, नंतर तो दगड होतो. चिखलात उतरण्याआधी पायावरची जखम झाका, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या आणि लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची भीती खरी असते. जेवण, झोपणं यांची सोय स्वतःची करून या. पूरग्रस्त घरावर पाहुण्याचा भार पडता कामा नये.

चिखल निघाल्यावर, माणसं ओसरल्यावर जे काम उरतं त्याला फार कमी जण येतात. पंचनाम्याचे कागद, बुडालेल्या रेशनकार्डांची दुय्यम प्रत, विम्याचे अर्ज. चांगलं अक्षर आणि दोन तास धीर असलेला माणूस तेव्हा देवासारखा वाटतो. पुस्तकांचंही तसंच. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, त्या पुरात त्याचंही मोठं नुकसान झालं. भिजलेलं पुस्तक घाईने उघडलं तर पानं फाटतात, गुळगुळीत कागद सुकताना एकमेकांना चिकटतो आणि दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. ते उन्हात टाकायचं नसतं. वारा खेळता ठेवून, मध्ये कोरा टीपकागद घालून, तो बदलत राहायचा. हे आधीच शिकून ठेवलेली चार माणसं प्रत्येक वाचनालयाजवळ असायला हवीत. बचावाचं काम शिकायचं असेल तर तहसील कार्यालयात 'आपदा मित्र' प्रशिक्षणाची चौकशी करा. पोहता येतं म्हणून पुराच्या पाण्यात उतरू नका.

ज्यांना अंगमेहनत झेपत नाही त्यांच्यासाठी गावात एक फार मोठं काम पडलेलं आहे. कितीतरी घरांत एकटी आजी किंवा दोघं म्हातारी असतात, मुलं मुंबईला. नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे कागद, बँकेचं केवायसी, अंगठ्याचा ठसा न उमटल्याने अडलेलं रेशन. एसटीने तालुक्याला जायचं, रांगेत उभं राहायचं, "उद्या या" ऐकून परतायचं. तुम्ही महिन्यातला एक दिवस ठरवून दोन आज्यांना सोबत घेऊन गेलात, तर ते कोणत्याही शिबिरापेक्षा कमी नाही. फक्त पथ्य पाळा. ओटीपी किंवा एटीएमचा आकडा विचारायचा नाही, पैशाला हात लावायचा नाही आणि मुंबईतल्या मुलाला किंवा लेकीला आधी फोन करून सांगायचं.

शाळेत शिकवायचं असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि वर्षभर दर शनिवारी येईन असं म्हणता येत असेल तरच हो म्हणा. मुलं जीव लावतात. रक्तदानाचं सोपं आहे. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचं अंतर ठेवावं. जवळच्या रक्तपेढीत नाव नोंदवून ठेवा.

कॉलेजच्या मुलांना एक सांगते. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं. ते तास वेगवेगळ्या दहा कार्यक्रमांत वाटण्यापेक्षा एकाच वाडीत, एकाच कामात घाला. पुढे समाजकार्य, वनसेवा, पत्रकारिता, शेती, काहीही करायचं असेल तर मुलाखतीत तुम्ही त्या एका पऱ्याबद्दल, एका किनाऱ्याबद्दल दहा मिनिटं बोलू शकाल. एक वही ठेवा. तारीख, कोण आलं, काय झालं, काय अडलं, खर्च किती. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडे गणपतीत किंवा शिमग्याला मदत मागायची वेळ आली की हीच वही कामी येते.

गावकीची एक बाजू नाजूक आहे, ती टाळता येत नाही. रस्त्याकडेच्या वाडीला सगळी मदत पोचते आणि डोंगराच्या कुशीतल्या, खालच्या मानल्या गेलेल्या वाडीत कोणी जात नाही, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. म्हणून कोणतंही काम घेताना शेवटच्या वाडीपर्यंत चालत जा आणि तिथल्या बायकांशी बोला. पाणी कुठून आणता, दवाखान्यात कसं जाता, मुलं शाळेला कशी जातात, एवढंच विचारा. निवडणुकीच्या आधी सुरू झालेल्या कामापासून काही महिने लांब राहा. देवळातल्या बैठकीत एका बाजूने बोलू नका.

सुरुवात दिवाळीनंतर करा. लावणीला, भातकापणीला आणि एप्रिल-मेच्या आंब्याच्या दिवसांत गावात कोणाला सवड नसते, तेव्हा सभा बोलावल्या तर माणसं येत नाहीत. दिवाळीनंतर हात मोकळे असतात, पऱ्याला धार असते, आणि पहिल्याच रविवारी कोणाकडे तरी फावडं मागून कामाला लागता येतं.