खडकावरचं कोवळं समुद्री शेवाळ अभ्यासताना या चुका टाळा

पाऊस ओसरला की कोकणातल्या खडपांवर शेवाळाचे प्रकल्प सुरू होतात. चौकट ठेवायची, फोटो काढायचा, शेवाळाने व्यापलेल्या जागेचे टक्के मोजायचे. यात बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी होते. शेवाळ डोळ्यांना दिसलं त्या दिवशी ते आलं, असं धरलं जातं. प्रत्यक्षात ते कितीतरी आधी येऊन चिकटलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं दिसायच्या आतच संपलेलं असतं.

उघडा कातळ पाहून 'इथे बीजाणू पोचत नाहीत' असं लिहिणं

उल्वाचा म्हणजे हिरव्या पापुद्र्यासारख्या शेवाळाचा बीजाणू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. चार कशाभिकांनी (चाबकासारख्या सूक्ष्म धाग्यांनी) तो पोहतो, जागा पसंत पडली की चिकट द्रव सोडून बसतो. तो पोचत नाही असं फारसं होत नाही, पण बसल्यावर त्याला कोण खातं हे आपण बघत नाही. लिम्पेट म्हणजे टोपीच्या आकाराच्या कवचाचे समुद्री गोगलगायीसारखे जीव. ते भरतीच्या पाण्यात किंवा ओल्या कातळावर फिरून खडक खरवडतात आणि त्यांच्या तोंडी अख्खी पिढी जाते.

याचा सर्वांत मोठा पुरावा दुर्घटनेतून मिळाला. मार्च 1967 मध्ये 'टोरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळलं. तेल हटवण्यासाठी दहा हजार टनांहून अधिक रसायन फवारलं गेलं आणि तेलापेक्षा त्या रसायनानेच लिम्पेट मोठ्या प्रमाणावर मेले. काही महिन्यांत खडक हिरवेगार झाले, मग त्यावर फ्यूकस नावाचं तपकिरी शेवाळ दाट माजलं. त्याच्या ओलाव्यात लिम्पेटची पिल्लं वाढली, त्यांनी फ्यूकस संपवलं आणि खडक पुन्हा उघडे पडले. घडी पूर्ववत बसायला दहा-पंधरा वर्षं गेली. तेव्हा हिरवा रंग चढला की 'किनारा सावरला' असं अहवालात लिहिण्याची घाई नको. खाणारे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

जाळी लावून थेट निष्कर्ष काढणं

लिम्पेट दूर ठेवायला पिंजरा लावला आणि आत शेवाळ वाढलं, म्हणून ते फक्त लिम्पेट नसल्यामुळेच वाढलं असं ठरत नाही. जाळीने सावली पडते, कातळ उशिरा सुकतो, लाटांचा मारा कमी होतो, गाळही अडकतो. म्हणून तीन प्रकारचे तुकडे ठेवा: उघडा, पूर्ण जाळीचा, आणि वर जाळी पण दोन बाजू मोकळ्या असलेला. हा तिसरा नसेल तर बाकी दोघांची तुलना करून हाती काही लागत नाही. तांबंयुक्त रंगाचा पट्टा ओढून लिम्पेट रोखता येतात, पण तांबं बीजाणूंनाही मारतं. पट्ट्याच्या कडेची मोजणी सोडून द्या.

खडक घासून चकाचक करणं

प्रयोगासाठी ठेवलेल्या नव्या, स्वच्छ फरशीवर शेवाळ बसत नाही अशी तक्रार येते. अगोदर तिच्यावर जिवाणूंचा पातळ थर चढू द्या. काही जिवाणू सोडत असलेल्या रसायनांची चाहूल उल्वाच्या बीजाणूंना लागते आणि तिथे ते जास्त बसतात. फरशी गुळगुळीत नको, खळगे हवेत. खळग्यात ओल टिकते, खाणाऱ्यांपासून थोडा आडोसाही मिळतो. जांभ्याला असे खळगे जात्याच असतात. म्हणूनच जांभ्यावरची आणि काळ्या कातळावरची मोजणी एकाच सरासरीत घालू नका. आणि बारीक गाळाची साय चढली असेल तर बीजाणू गाळाला चिकटतो, पुढच्या लाटेबरोबर दोघेही जातात.

सर्वच शेवाळाचं बी लांब जातं असं समजणं

सरगॅसम या झुडपासारख्या तपकिरी शेवाळाचं तसं नाही. त्याचा फलित गर्भ काही काळ आईलाच चिकटून राहतो, वजनदार असल्याने सुटला की लवकर बुडतो आणि बहुधा काही मीटरांतच बसतो. लांबचा प्रवास होतो तो तुटून तरंगत गेलेल्या फांद्यांमुळे. पण आईच्या पायाशी सुखच असतं असंही नाही. मोठ्या फांद्या लाटेबरोबर झाडूसारख्या फिरतात आणि कोवळी रोपं पुसून काढतात. चौकटीची जागा निवडताना जवळचं मोठं झुडूप किती अंतरावर आहे, हे नोंदवून ठेवा.

नाव लवकर ठेवणं

दोन-तीन मिलिमीटरच्या रोपावरून जात सांगता येत नाही. 'तपकिरी, चपटं' एवढंच लिहा, तीच चौकट पुन्हा पाहा, ओळख पटली की जुन्या नोंदीत नाव भरा.

पोर्फायराचं बाळ खडकावर शोधणं

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या खडकांवर पोर्फायरा या लाल शेवाळाचे जांभळट पापुद्रे येतात आणि नंतर नाहीसे होतात. मधल्या काळात या गटातलं शेवाळ शिंपल्याच्या कवचात सूक्ष्म धाग्यांच्या रूपात राहू शकतं. हे धागे वेगळी जात मानले जात. ते पोर्फायराचीच एक अवस्था आहेत, हे ब्रिटिश शैवालतज्ज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांनी 1949 मध्ये दाखवलं आणि त्यावर जपानची नोरीची (याच गटातल्या खाण्याच्या शेवाळाची) आधुनिक शेती उभी राहिली. तेव्हा उन्हाळ्यात खडक खरवडण्याआधी आसपासची जुनी कवचं पाहा. गुलाबी-करडा डाग दिसला तर तुकडा सौम्य आम्लात विरघळवून उरलेले धागे सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. कवच पोखरणारी हिरवी आणि निळसर शेवाळंही असतात, त्यामुळे नुसत्या डागावर भरवसा ठेवू नका.