रुमेटॉइड आर्थ्रायटिस असताना फ्लूची लस: घ्यायची का, कधी आणि कशी

मे संपत आला की संधिवाताच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर एक प्रश्न हमखास निघतो: फ्लूची लस घ्यायची का हो? मग उत्तरंही ठरलेलीच. कुणाच्या जावेला लसीनंतर दोन दिवस ताप होता. कुणाला केमिस्टने ‘एवढ्या गोळ्या चालू असताना नको’ म्हणून परत पाठवलेलं असतं. कुणी म्हणतं, प्रतिकारशक्ती आधीच आपल्याच सांध्यांवर उलटली आहे, तिला आणखी कशाला डिवचायचं?

माझं मत आधीच सांगून टाकते. घ्यावी की नाही यावर फार डोकेफोड करू नका, बहुतेकांनी घ्यावी. खरा विचार करायचा तो कोणती घ्यायची, कधी घ्यायची आणि आठवड्यातून एकदा घ्यायच्या त्या पिवळ्या गोळ्यांचं, म्हणजे मेथोट्रेक्सेटचं, काय करायचं, याचा.

१. आपला संधिवात कोणता, ते नक्की करा

आपल्याकडे गुडघे झिजले तरी संधिवात आणि युरिक ॲसिड वाढलं तरी संधिवातच. इथे बोलणं चाललंय ते रुमेटॉइड आर्थ्रायटिसबद्दल: सकाळी बोटं तासभर आखडलेली, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेले, आणि फाइलमध्ये बहुतेकदा आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या पॉझिटिव्ह असल्याचा रिपोर्ट. नुसती गुडघ्यांची झीज असेल तर फ्लूचा धोका वय, मधुमेह, दमा, हृदयविकार यांवरून ठरतो आणि पुढचा औषधांचा भाग तुम्हाला लागू नाही.

रुमेटॉइडमध्ये धोका दोन बाजूंनी वाढतो. आजारामुळेच शरीराची संसर्गाशी लढण्याची ताकद कमी पडते आणि त्यावरची औषधं ती आणखी दाबतात. म्हणून घरातल्या नातवाला तीन दिवसांत सोडून जाणारा फ्लू आजीला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. वर औषधं थांबवावी लागली की सांधे पुन्हा पेटतात, ते निराळंच.

लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही, असं मात्र नाही. लस आणि त्या हंगामातले विषाणू जुळले, तर सर्वसाधारण लोकांमध्ये फ्लूची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. आपल्या गोळ्यांमुळे हा फायदा थोडा घटू शकतो. तरीही माझ्या हिशोबात तो घेण्यासारखा आहे, कारण आपल्याला टाळायचा आहे तो मुख्यतः ॲडमिट व्हावं लागेल असा फ्लू.

२. कोणती लस, ते विचारून घ्या

दंडात टोचतात ती लस निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून बनवलेली असते. तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही. आपल्याला हीच हवी. नाकात फवारायची लस जिवंत, पण कमजोर केलेल्या विषाणूची असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूसाठी आणलेली नेझोव्हॅक याच प्रकारातली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर नाकातली लस नको. ‘सुई नको, नाकातली द्या’ हा हट्ट इथे चालत नाही.

‘स्वाइन फ्लूची लस वेगळी असते का?’ असंही बरेच जण विचारतात. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, त्याची धास्ती आपल्याकडे अजून आहे. तो एच१एन१ विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूचाच भाग झाला आहे आणि नेहमीच्या लसीतच त्याचा समावेश असतो. वेगळं काही घ्यायला नको.

खासगी दवाखान्यात एका डोसला साधारण दीड ते दोन हजार रुपये पडतात. सोबत मधुमेह किंवा ब्लड प्रेशर असेल तर आधी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात चौकशी करा. महाराष्ट्रात अशा जोखमीच्या गटांना ही लस मोफत दिली गेली आहे.

३. महिना ठरवा

महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो: मुख्यतः पावसाळ्यात, आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी ते ओसरायला लागतं. त्यामुळे पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये किंवा फार तर जूनच्या सुरुवातीला घेतलेली बरी. राहून गेली तर उशिरा घ्या, पण घ्या.

विषाणू बदलत राहतो म्हणून लसही वर्षातून दोनदा नव्याने ठरते. जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी शिफारस करते. खोक्यावर हंगामाचं वर्ष छापलेलं असतं, ते आणि एक्सपायरी वाचून घ्या. गेल्या वर्षीचा उरलेला माल नको. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, म्हणून दुकानातून घेऊन पिशवीत टाकून उन्हातून दवाखान्यात नेण्यापेक्षा जिथे टोचणार तिथलीच घ्यावी.

मुलांकडे अमेरिकेत राहायला निघालेल्यांनी तिथला हिशोब धरावा. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लस देतात आणि ६५ च्या पुढच्यांना जास्त ताकदीची लस मिळते.

४. गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना विचारा

फॅमिली डॉक्टर लस टोचू शकतात, पण गोळ्यांचा प्रश्न ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञांना, विचारा. फोनवर दोन मिनिटांत होणारं काम आहे.

मेथोट्रेक्सेट, म्हणजेच एमटीएक्स, लसीचा परिणाम कमी करतं. दक्षिण कोरियातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीनंतर दोन आठवडे ही गोळी थांबवलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोकांमध्ये लसीला चांगला प्रतिसाद मिळाला. गोळी चालू ठेवलेल्यांमध्ये हेच प्रमाण निम्म्याहून जरासं जास्त होतं. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलं आहे की आजार आटोक्यात असेल तर लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवावं. लसीच्या आधी थांबवायची गरज नाही.

समजा तुमची गोळी रविवारी असते आणि डॉक्टरांनी होकार दिला आहे. मग लस शनिवारी घ्या. दुसऱ्या दिवशीचा रविवार आणि त्यापुढचा रविवार गोळी नाही. तिसऱ्या रविवारी नेहमीचाच डोस, एक गोळीही जास्त नाही. बुडालेले डोस भरून काढायच्या नादात दोन आठवड्यांच्या गोळ्या एकदम घेणं धोक्याचं आहे. मेथोट्रेक्सेट जास्त झालं की तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात. कॅलेंडरवर त्या दोन रविवारांवर फुली मारून ठेवा, म्हणजे गोळ्यांचा डबा भरणाऱ्या सुनेचाही गोंधळ होणार नाही.

सांधे सुजलेले असतील तर डॉक्टर गोळी थांबवू देणार नाहीत. हरकत नाही, गोळी चालू ठेवून लस घ्या. मागे कुणी न विचारता गोळी चालू असताना लस घेतली असेल तर तीही वाया गेलेली नाही.

बाकीच्या औषधांचं थोडक्यात: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड, टोफासिटिनिब, अडालिम्युमॅब किंवा इटानरसेप्टसारखी ‘बायोलॉजिक’ इंजेक्शनं चालू ठेवूनच लस घेता येते. रिटुक्सिमॅब मात्र वेगळं. ते लसीचा प्रतिसाद बराच दाबतं, म्हणून जमत असेल तर आधी लस आणि किमान दोन आठवड्यांनी पुढचा डोस. तरी हंगाम तोंडावर असेल तर डोस नुकता झाला म्हणून लस टाळू नये.

स्टेरॉइडच्या गोळ्या लसीसाठी स्वतःहून बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं की शरीर कोलमडू शकतं.

५. कुणी थांबायचं

आधीच्या फ्लूच्या लसीनंतर घसा सुजणं, श्वास अडकणं अशी तीव्र ॲलर्जी झाली असेल तर पुन्हा घ्यायची नाही. पूर्वी लसीनंतर सहा आठवड्यांत गियाँ-बारे सिंड्रोम (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) झाला असेल, तर डॉक्टरांशी सविस्तर बोलल्याशिवाय नको. चांगलाच ताप असेल तर उतरल्यावर घ्या. नुसती सर्दी अडसर नाही. सांधे दुखताहेत म्हणून ‘जरा बरं वाटू दे’ करत थांबलात तर पावसाळा निघून जाईल.

६. लसीचा दिवस आणि पुढे

ज्या बाजूचा खांदा कमी दुखतो, तो हात पुढे करा. हे नर्सला आपण सांगायला हवं, तिला कसं कळणार? सैल बाहीचा ब्लाउज किंवा शर्ट घाला. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा.

दंड दुखणं, अंग मोडून येणं, कणकण हे एक-दोन दिवस होऊ शकतं. पॅरासिटामॉल पुरतं. काहींचे सांधे या दिवसांत थोडे कुरकुरतात. आठवड्यानंतरही सूज वाढतच असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना कळवा, कारण तो लसीपेक्षा थांबवलेल्या गोळीचा परिणाम असण्याची शक्यता जास्त. घरातल्यांनाही टोचून घ्या, विशेषतः शाळेत जाणाऱ्या मुलांना. न्यूमोनियाची लस झाली आहे का, हेही त्याच भेटीत विचारा.

लस घेऊनही पावसाळ्यात अचानक जोराचा ताप, खोकला, अंगदुखी सुरू झाली तर घरी काढे घेत बसू नका. फ्लूवरचं ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. आणि त्याच आठवड्यात एमटीएक्सची गोळी किंवा बायोलॉजिकचं इंजेक्शन ठरलेलं असेल, तर ते घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.