चेंगडूत तीन दिवस : पांडा, हॉटपॉट आणि चहा कसा बसवायचा

चीनला पहिल्यांदा जाताय आणि हातात तीनच दिवस असतील तर बीजिंग-शांघाय दोन्ही उरकायच्या फंदात पडू नका, सरळ चेंगडू गाठा. सिचुआन प्रांताची राजधानी आहे, पांडा, झणझणीत जेवण, चहाघरं सगळं एकाच शहरात मिळतं. गाईडेड टूर घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी प्रोग्राम नीट वाचा आणि पांडा बेस, म्हणजे पांड्यांचं संवर्धन केंद्र, दुपारी ठेवलं असेल तर सकाळी करून घ्या, ह्यावर अजिबात तडजोड नको.

कारण सांगते. बेस सकाळी साडेसातला उघडतो, हवा गार असते, ताजा बांबू नुकताच टाकलेला असतो आणि पांडे जागे असतात, एकदा पोट भरलं की ते जे आडवे होतात ते मग फारसे हलत नाहीत, आणि फार गरम झालं तर त्यांना आत एसीतच ठेवतात. तिकीट पासपोर्ट नंबरवर आधीच काढावं लागतं, ते गाईडला करू द्या. आत गेल्यावर पळापळ न करता एकाच पांड्यासमोर पंधरा मिनिटं उभे राहा. तो पाय पसरून मस्त टेकून बसतो, बांबू हातात धरून वरची साल दाताने सोलतो आणि मग आतला भाग कडाकडा चावतो. मनगटाचं एक हाड वाढून त्याला अंगठ्यासारखं झालंय, म्हणून पकड इतकी घट्ट! दिवसाचे दहा-बारा तास त्याचं हेच चालतं. ही जागा 1987 मध्ये सहा पांड्यांवर सुरू झाली होती हे लक्षात ठेवून बघा, आणखी छान वाटतं. रेड पांडाही तिथेच आहेत, चुकवू नका.

आता खाणं. इथल्या तिखटाला 'माला' म्हणतात, मा म्हणजे बधिर आणि ला म्हणजे तिखट. हा बधिरपणा ह्वाजियाओमुळे येतो, आपल्या तिरफळाचाच भाऊबंद, पहिल्या घासाला जीभ नुसती झिणझिणते, घाबरायचं नाही. हॉटपॉटला, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्शात आपणच शिजवून खायला गेलात तर दोन कप्प्यांचं भांडं मागा, एकीकडे लाल रस्सा, दुसरीकडे साधा, आणि वाटीत तिळाचं तेल आणि लसूण घ्या, त्यात बुडवलं की जाळ कमी होतो. पण शाकाहारी मंडळींनी इथे नीट विचारा, लाल रश्शात बहुतेक ठिकाणी बीफची चरबी असते आणि मापो टोफू ह्या टोफूच्या तिखट पदार्थात पण खिमा असतो. 'वो च सू' म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य गाईडकडून चिनी लिपीत फोनवर लिहून घ्या. वेनशू मठात शाकाहारी जेवण मिळतं, शांत जागा आहे, मला तर ते जेवण सगळ्यात आवडलं.

दुपारी पीपल्स पार्कमधलं हमिंग (Heming) चहाघर. वेताच्या खुर्च्या, झाकणाचा कप, पाणी पुन्हापुन्हा भरून देतात, आणि कान साफ करणारे लोक चिमटे वाजवत फिरत असतात. इथे दोन तास हवेतच, टूरवाले वीस मिनिटं देतात ते ऐकू नका.

संध्याकाळी सिचुआन ऑपेरा, त्यात 'ब्येनल्येन' म्हणजे क्षणात मुखवटा बदलणं. पुढे बसा म्हणजे मान वळताना रंग बदललेला दिसतो. जिन्ली गल्ली ऑपेराच्या आधी चालून घ्या, वूहोऊ मंदिराला लागूनच आहे, गर्दी असते.

तिसऱ्या दिवशी एकच ठिकाण धरा. मी जिन्शाचं म्युझियम धरीन, 2001 मध्ये बांधकामाच्या खोदाईत इथली प्राचीन वस्ती सापडली आणि सोन्याच्या पातळ पत्र्यातला सूर्याभोवती उडणाऱ्या चार पक्ष्यांचा गोल तिथे प्रत्यक्ष बघता येतो. चेंगडूबाहेर लेशानला असलेला 71 मीटर उंच बुद्ध पण भारी आहे, पण त्यात अख्खा दिवस जातो.

निघायच्या आधी अलीपे ह्या चिनी पेमेंट ॲपमध्ये आपलं इंटरनॅशनल कार्ड जोडून ठेवा, छोट्या दुकानातही सगळे क्यूआर कोडनेच पैसे देतात, तरी थोडे युआन खिशात असू द्या. गूगल मॅप आणि व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाहीत, रोमिंग किंवा ई-सिम घेऊनच जा, आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये ठेवा, टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा.