आजोबांचे आयुष्य लिहून ठेवताना: सैनिक आणि कारागीर, दोन्ही

सैन्यात राहून आलेल्या आजोबांविषयी घरात बोलणे निघाले की साहजिकच युद्ध पुढे येते आणि त्यांचा पुढचा धंदा एका वाक्यात संपतो: "नंतर ते सुतारकाम करीत." पाच-सहा वर्षे गणवेशात गेली असतील आणि चाळीस वर्षे करवत, थापी किंवा पाना हातात धरून गेली असतील, तर त्यांचे चरित्र लिहिताना हे प्रमाण विसरून चालणार नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, आजोबा हयात असोत वा नसोत, सुरुवात त्यांच्या धंद्याच्या हत्यारांपासून करावी.

याचे कारण मला अनुभवाने कळले. मी माझ्या आजोबांना पहिल्याच बैठकीत "युद्ध कसे होते?" असे विचारले, तेव्हा त्यांनी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि ते उठून गेले. काही दिवसांनी मी त्यांचा जुना रंधा त्यांच्या हातात दिला. त्याची मूठ घामाने काळी पडली होती आणि अंगठा टेकतो तिथे लाकडाला उथळ खळगा पडला होता. त्यांचा अंगठा न पाहता त्या खळग्यात जाऊन बसला आणि ते बोलू लागले: लाकडाच्या रेषा कोणत्या दिशेने जातात ते आधी पाहावे, उलट्या दिशेने रंधा मारला तर पृष्ठभाग उचकटतो, कुसवाचा सांधा, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला जोड, इतका घट्ट बसावा की तो ठोकावा लागेल पण फळी तडकणार नाही. तासाभराने, मी न विचारता, ते पलटणीत तात्पुरते पूल बांधताना फळ्या कशा मोजून कापल्या जात यावर आले. फळी चुकीची कापली गेली तर दुसरी मिळत नसे, म्हणून दोनदा मोजण्याची सवय त्यांना तिथेच लागली होती. त्यांच्या आयुष्याचे दोन भाग जोडणारा दुवा मला असा सापडला.

म्हणून प्रश्न वस्तूला धरून विचारावेत. हे हत्यार कोणी दिले, पहिले काम कोणाचे केले, ते बिघडले तेव्हा काय केले, कोणते काम पुन्हा पाहायला आवडेल? ज्याचे उत्तर "हो" किंवा "नाही" इतकेच येईल असा प्रश्न टाळावा. ध्वनिमुद्रणासाठी साधा मोबाइल पुरतो. मात्र आधी परवानगी घ्यावी, पंखा बंद करावा, फोन जवळ ठेवावा आणि बैठक पाऊण तासापेक्षा लांबवू नये. आजोबा बोलता बोलता थांबले तर आपण लगेच पुढचा प्रश्न विचारू नये. बरेचदा त्या शांततेनंतरच महत्त्वाची गोष्ट येते.

काही शांतता मात्र तशीच राहू द्यावी लागते. युद्धाने मनावर होणाऱ्या आघाताला वैद्यकीय ओळख मिळायला फार काळ लागला. ब्रिटिश वैद्य चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये 'शेल शॉक' (तोफगोळ्यांच्या माऱ्याने मनाला बसणारा धक्का) ही संज्ञा वैद्यकीय नियतकालिकात वापरली, पण आज परिचित असलेले 'पीटीएसडी' (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) हे निदान अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९८० मध्ये आले. त्या आधीच्या पिढीतील असंख्य सैनिकांना आपल्या त्रासाला नावही नव्हते. त्यामुळे आजोबांनी एखादा प्रसंग सांगायचे नाकारले, तर "याविषयी ते बोलले नाहीत" एवढेच लिहावे. ती जागा कल्पनेने भरू नये. सांगितलेली एखादी गोष्ट लिहू नकोस असे ते म्हणाले, तर लिहू नये.

यानंतर कागदांकडे वळावे. सैन्यातून सुटताना मिळालेला डिस्चार्जचा कागद सर्वांत मोलाचा, कारण त्यावर बहुधा सैन्य क्रमांक, हुद्दा, पलटण आणि भरतीची तारीख एकत्र सापडते; अभिलेखागारात चौकशी करताना नावापेक्षा क्रमांक अधिक उपयोगी पडतो. पदकाच्या कडेवर भिंग धरून पाहावे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश युद्धपदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असे. दुसऱ्या महायुद्धात मात्र ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या 'स्टार' पदकांवर सरकारने नावे कोरली नाहीत, म्हणून नाव नसणे हे संशयाचे कारण नव्हे. पदक पॉलिशने घासून चकचकीत करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा; आमच्या घरात असे एकदा घडले आणि कडेवरची अक्षरे पुसट झाली, ती आता परत येणार नाहीत.

अभिलेखागारातून "नोंद सापडत नाही" असे उत्तर आले तरी खचू नये. लंडनमधील एका गोदामावर सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडून पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या निम्म्याहून अधिक सेवानोंदी जळाल्या. अमेरिकेत सेंट लुईसजवळच्या नोंदणी केंद्राला १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली नष्ट झाल्या. अशा वेळी आडवाटेने जावे लागते. पगाराच्या नोंदी, पलटणीची दैनंदिनी, सोबत्यांची पत्रे यांतून बरेच जुळवता येते. १९१७ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या राष्ट्रकुलातील सैनिकांची नोंद ठेवतो. परत आलेले आजोबा त्या यादीत नसतील, पण ते ज्या मित्राचे नाव घेऊन गप्प होत, तो कदाचित तिथे सापडेल.

कारागिराच्या आयुष्याची नोंद सरकार ठेवत नाही, ती आपल्यालाच गोळा करावी लागते. हिशोबाची वही, मापे टिपलेले कागद, हत्यारावर ठोकलेली अक्षरे, त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे आणि ज्यांच्या घरात त्यांनी केलेले दार किंवा कपाट अजून वापरात आहे ती कुटुंबे, हे सारे पुरावेच आहेत. त्या घरांत जाऊन वस्तूचे छायाचित्र घ्यावे, आणि नुसते समोरून नव्हे, तर सांध्याचे, मागच्या बाजूचे, पेन्सिलीच्या राहून गेलेल्या खुणांचेही. धंद्यातील शब्द आजोबा उच्चारत तसेच लिहावेत, शुद्ध करू नयेत.

जुनी छायाचित्रे ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ या, चित्राचा तपशील न गमावणाऱ्या, फाइल-स्वरूपात ठेवावीत. मागे नावे लिहायची असल्यास मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहावीत. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कधीही वापरू नये. पीव्हीसी या प्लास्टिकच्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटते, म्हणून पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकची पाकिटे घ्यावीत. हत्यारांच्या लोखंडाला तेलाचा पातळ हात पुरे. मुठींना नवे वार्निश लावू नये.

लिहायला बसल्यावर प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून मिळाली ते नोंदवावे: आजोबांनी सांगितली, कागदावर सापडली, की दुसऱ्याकडून ऐकली. स्मरण आणि कागद जुळत नसतील तर दोन्ही लिहावेत. आजोबांना जी घटना हिवाळ्यातली आठवते ती पलटणीच्या दैनंदिनीत उन्हाळ्यात असेल, तर त्यांना खोडून काढण्याची गरज नाही. त्यांना थंडी का आठवली, हा प्रश्न तारखेइतकाच मोलाचा आहे. कच्चा खर्डा त्यांना किंवा त्यांच्या भावंडांना मोठ्याने वाचून दाखवावा, कारण वाचून दाखवताना जितक्या दुरुस्त्या मिळतात तितक्या कागद हाती देऊन मिळत नाहीत.

तयार मजकुराच्या आणि ध्वनिफितींच्या निदान तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावी. हत्यारांची पेटी असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला एक पाकीट लावून त्यात प्रत्येक हत्याराचे नाव, ते कुठून आले आणि त्याने काय घडवले याची यादी ठेवावी. पेटी पुढे ज्याच्याकडे जाईल, त्याच्याकडे ती यादीही जाईल.