शिमगा ते पाडवा: छोटा ट्रॅक्टर घरी रंगवायचे दिवस

खंडेनवमी आठ दिवसांवर आली की बेळगावातल्या रंगाच्या दुकानांत ट्रॅक्टरवाल्यांची रीघ लागते. पूजेला यंत्र नव्यासारखं दिसावं, झेंडूची माळ चढवताना हाताला गंज लागू नये, ही हौस कुणाला नसते? मलाही होती. भंगारच्या भावात घेतलेला १५ हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर मी इंजिनकाम करून उभा केला आणि नवरात्रात पावसाची उघडीप बघून छपरात रंगवला. पूजेला झकास दिसला. दिवाळीपर्यंत बॉनेटची चकाकी मेली. पुढच्या मिरगाला मडगार्डच्या कडेला नख घातलं तर रंग चपातीच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात आला, खाली लालभडक गंज. रंग हलका नव्हता. दिवस चुकले होते, आणि त्याहून मोठी चूक रंगाच्या खाली राहिली होती.

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या आपल्या पट्ट्यात घरी रंगाची गन (स्प्रे गन) मारायची असेल तर शिवरात्रीला यंत्र खरवडायला घ्या आणि शिमग्यापासून पाडव्यापर्यंतच्या पंधरा दिवसांत रंग उरका. ऊस बहुतेकांचा गेलेला असतो, शाळू निघत आलेला असतो, यंत्राला जरा उसंत असते. दव कमी झालेलं असतं. पाडवा सरला की दुपारनंतर आभाळ भरायला लागतं आणि वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या मंडळींनी तर आश्विनात रंगाचा डबा उघडूच नये, तिकडच्या पत्र्याची ओल तेव्हा गेलेली नसते.

आता रंगाखालच्या चुकीबद्दल, कारण खरं काम तिथंच आहे.

शेतातलं यंत्र आणि रस्त्यावरची गाडी यांच्या गंजात फरक असतो. छोट्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आपण खताची पोती टाकतो. युरिया सांडतो, पोटॅश सांडतं, वरून भुरभुर पाऊस लागतो. पोटॅश म्हणजे क्लोराइडचं मीठच. ते पत्र्याच्या खड्ड्यांत मुरतं आणि काचपेपरनं घासून निघत नाही, उलट आणखी आत घोळलं जातं. वर प्रायमर आणि रंग चढवला की पावसाळ्यात हे मीठ रंगातून ओल खेचतं आणि फोड येतात. माझ्या मडगार्डवर नेमके तिथंच फोड होते जिथं पोत्याची कड टेकायची. म्हणून पहिलं काम घासणं नव्हे, धुणं. चिखल आणि ग्रीस खरवडून काढा, तेलकट भागावर डिझेल किंवा रॉकेल लावून ब्रश मारा, मग साबणाच्या पाण्यानं आणि शेवटी साध्या पाण्यानं दोनदा-तीनदा भरपूर धुवा. डिझेल पत्र्यावर तसंच राहिलं तर रंग धरत नाही, जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. मडगार्डच्या दुमडीत, सीटच्या खाली, बॉनेटच्या बिजागरीत पाण्याची नळी धरायला विसरू नका.

धुऊन उन्हात वाळला की तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, मग १२०, शेवटी २२०. सगळा जुना रंग उतरवायची गरज नसते. जो घट्ट धरून आहे तो राहू द्या, त्याची फक्त चकाकी मारा आणि कडा पसरट करा, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. गंज काढायला काहीजण थेट ॲसिड ओततात. मी सांगेन, नको. दोन पत्र्यांच्या जोडात ते अडकतं आणि आतून खात राहतं. फॉस्फोरिक ॲसिडचं गंज काढणारं द्रावण दुकानात मिळतं, ते ब्रशनं लावून डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन टाका.

एक गोष्ट गोठ्यासाठी. जुन्या लाल, पिवळ्या, नारिंगी रंगांत शिसं असू शकतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, पण ती यंत्रांच्या रंगांना धरून केलेली नाही. वासरं आणि रेडकं काहीही चाटतात, आणि शिशाची विषबाधा जनावरात फार वाईट असते. म्हणून कडब्याच्या गंजीजवळ किंवा गव्हाणीच्या वाऱ्यात कोरडा रंग घासू नका. वॉटर पेपरनं पाणी लावून घासा, खाली मल्चिंगचा जुना कागद अंथरा आणि खरवड गोळा करून पोत्यात बांधून ठेवा. उकिरड्यात टाकली तर ती खतातून शेतात जाईल.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात मारा. रात्र गेली की सकाळी पुन्हा तांबूस छटा दिसते. शेतकरी माणूस तांबेरा ओळखतो, पण गव्हावरचा ओळखतो आणि पत्र्यावरचा सोडून देतो, हे मला नेहमी नवल वाटतं. खळगे मोठे असतील तर हार्डनर घालून घट्ट होणारी लांबी (पुट्टी) भरा. शंभर ग्रॅम लांबीला दोन ग्रॅमच्या आसपास हार्डनर. मार्चच्या उन्हात पाच मिनिटांत आवळते, म्हणून एका वेळी लिंबाएवढीच कालवा. लांबी पाणी पिते, तेव्हा ती कोरडीच घासा आणि तिच्यावर प्रायमरचा एक हात जास्त द्या. प्रायमर वाळल्यावर ३२० चा पेपर हलक्या हातानं फिरवला की झालं.

झाकाझाकी कंटाळवाणी असते, पण तिथं घाई केली तर पुढचे सहा महिने पस्तावा. रेडिएटर, डायनमो, सेल्फ, एअर क्लिनरचं तोंड, ग्रीसची निपलं, मीटर, टायर हे वर्तमानपत्र आणि मास्किंग टेपनं बंद करा. हायड्रॉलिकच्या चकचकीत दांड्यावर आणि पीटीओच्या (मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या) दात्यांवर रंगाचा थेंबही नको, दांड्यावरचा रंग आत ओढला गेला की सील फाटतं. उघड्या पाइपांना ठिबकच्या लॅटरलच्या एंड कॅप बसतात का बघा, माझ्या दोन बसल्या. चासिस नंबर आणि इंजिन नंबरवर टेप लावा, लांबी तर मुळीच भरू नका. आणि हो, केए २२ किंवा केए २३ ची पाटी असेल तर आरसीत रंगही लिहिलेला असतो. लाल ट्रॅक्टर हिरवा करायची लहर आली तर आधी आरटीओत नोंद बदलावी लागते. कंपनीचाच शेड मागून घ्या, सोपं पडतं.

घरच्या कामाला सिंथेटिक इनॅमल पुरे. मला १५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला प्रायमर एक लिटर आणि रंग दोन लिटर लागला, साधारण महिंद्रा युवराज किंवा व्हीएसटी शक्तीच्या आकाराच्या यंत्रांना तेवढाच धरा. इनॅमलमध्ये टर्पेंटाइनच घालायचं, एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर नाही. ताज्या इनॅमलवर एनसीचा रंग मारला तर खालचा थर सुरकुतून वर येतो, भाकरीवर पापुद्रा फुगावा तसा. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाची चकाकी मोहात पाडते, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं दमा जडतो आणि साध्या मास्कनं ते अडत नाही. पीयूच हवा असेल तर बेळगावच्या ऑटोनगरला रंगाचा बूथ असलेल्या कारागिराकडे न्या. रिमसारखे सुटे भाग तिथल्याच उद्यमबागेत पावडर कोटिंग करून घेणंही बरं, मात्र ते भट्टीत जातात, म्हणून बेअरिंग आणि रबर काढूनच द्या.

सायलेन्सरला हा रंग चालत नाही, धूर सुटून जळतो. त्याला ६०० अंशांपर्यंत टिकणारा ॲल्युमिनियमचा रंग वेगळा मिळतो.

कॉम्प्रेसर भाड्यानं आणाल तर टाकीखालचा कॉक आधी उघडा. मी पंक्चरच्या दुकानातला आणला होता, कॉक उघडला तर लोटाभर गढूळ पाणी निघालं. ते न काढता गन जोडली असती तर बॉनेटवर देवीच्या व्रणांसारखे ठिपके उठले असते. गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावाच. नोझल १.४ ते १.६ मिलिमीटरचं, दाब गनपाशी ३५ ते ४५ पीएसआय, अंतर वीतभर. रंग जुन्या धुतलेल्या साडीच्या तुकड्यातून गाळून घ्या. किती पातळ करायचा ते डब्यावर असतंच, पण हाताचा अंदाज असा: काडी बुडवून उचलली की धार अखंड पडावी आणि शेवटी थेंब थेंब व्हावी. कीटकनाशकाचा पंप यासाठी वापरायचा विचारही करू नका.

वेळ सकाळी साडेआठ ते अकरा. पत्रा ओला आहे का हे बघायला ओल्या फडक्याची एक रेघ ओढा. पाव तासात ती सुकली तर मारा, नाही सुकली तर चहा घ्या आणि थांबा. उलट बाजूही आहे: दुपारी उन्हातल्या बॉनेटला तळहात टेकवत नसेल तर रंग हवेतच वाळतो आणि पत्र्यावर रवाळ बसतो. पहिला हात धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसला तरी चालेल. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, नीट ओला. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. गन मनगटातून वळवू नका, अख्खा हात सरळ न्या, आणि ट्रिगर पत्र्याच्या अलीकडे दाबून पलीकडे सोडा. ओघळ आलाच तर ओला असताना पुसायला जाऊ नका. दोन-तीन दिवसांनी ६०० च्या पाण्याच्या पेपरनं उतरवता येतो.

आता सगळ्यांना हसायला देणारी गोष्ट. दुसऱ्या खेपेला, मार्चमध्ये, सगळं नियमानं केलं. बॉनेट लालभडक, आरशासारखं. रिम पिवळ्या, त्या संध्याकाळी चारला मारल्या, कारण सकाळी पुरल्या नाहीत. ट्रॅक्टर भेंडीच्या तुकड्याच्या बांधाला उभा. सकाळी बघतो तर चारही रिमांवर मावा आणि पांढरी माशी, बोट ठेवायला जागा नाही. शेजारच्या तात्यांनी बांधावरूनच विचारलं, "काय गा, ट्रॅक्टर रंगवलास की चिकट सापळा लावलास?" आपणच पिवळे सापळे विकत आणून भेंडीत लावतो आणि हे मला सुचू नये! पिवळा रंग भाजीच्या फडापासून लांब आणि सकाळीच मारा. त्याच दिवसांत पाचट पेटतं, वीटभट्ट्या चालू असतात, मळणीचा भुसा उडतो. शेजारी पाचट कधी पेटवणार ते आदल्या दिवशी विचारून घ्या. छपराच्या वाऱ्याकडच्या बाजूला शेडनेट बांधा आणि जमीन शिंपडून घ्या. धूळ पूर्ण अडत नाही, पण काजळीचे मोठे तुकडे अडतात.

नाकाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ सुद्धा थिनरची वाफ अडवत नाही. ॲक्टिव्हेटेड कार्बनचे कार्ट्रिज बसवलेला मास्क घ्या आणि गन चालू असताना छपराच्या दोन बाजू उघड्या ठेवा. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत जाते, म्हणून चूल, बिडी, उदबत्ती, कॉम्प्रेसरचं स्विच सगळं लांब. इनॅमलची चिंध्या-फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आतून तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा एकेक पसरून वाळवा. उरलेलं टर्पेंटाइन ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. बाटलीत निवळू द्या, वरचं पुन्हा गन धुवायला चालतं.

रंग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, पण पुरता घट्ट व्हायला आठ-दहा दिवस जातात. तोवर रोटर (रोटाव्हेटर) जोडून शेतात घालू नका, प्रेशरनं धुऊ नका, स्टिकर लावू नका. सीट आणि मडगार्डमध्ये फट असेल तिथं जुन्या ट्यूबची पट्टी घाला, रंग पहिला तिथंच घासतो. उरलेला पाव लिटर रंग झाकण घट्ट करून ठेवा आणि शेडचा नंबर डब्यावर लिहा. नांगरटीत दगड उडून पत्रा उघडा पडला की दुसऱ्या दिवशी ब्रशनं तेवढंच टिपून टाकायचं.